कोड नंबर पंधरा

मशीन कुठलंही असो, चाचा आधी त्याचा वास घ्यायचे. स्क्रू ड्रायव्हर नंतर. चष्मा कपाळावर चढवायचा, डोळे मिटायचे आणि पेटीला नाक लावायचं. मग निकाल. "जळालं." किंवा "ओल खाल्ली." किंवा "काई नाई झालं, उपाशी आहे," म्हणजे बॅटरी उतरली. आम्ही ऑफिसातले लोक तोंडावर हात ठेवून हसायचो. पेटी उघडली की हसू थांबायचं, कारण त्यांचा निकाल चुकलेला मला तरी आठवत नाही. एवढं करून वर म्हणायचे, "पण उघडल्याशिवाय बोलू नाई."

आता तुम्ही म्हणाल, आधी बोलून मग ‘बोलू नाई’ म्हणणारा हा कसला माणूस! तर असाच होता.

आमचं ऑफिस चंद्रपुरात, एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. गडचिरोलीच्या जंगलातल्या ज्या गावांना टेलिफोनची तार पोचत नव्हती, तिथे त्या वर्षांत बिनतारी फोन बसवले होते. भिंतीवर एक पेटी, छपरावर सोलरची पाटी आणि अंगणात उंच अँटिना. गावाला एकच फोन. तो बिघडला की तक्रार मी घ्यायची आणि दुरुस्तीला चाचांनी जायचं. मी मूल गावाजवळच्या धानवाल्या शेतकऱ्याची पोरगी. कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि अंगात मस्ती एवढी की विचारू नका. फोन बंद पडल्याची तक्रार फोनवर कशी येणार, हा प्रश्नसुद्धा मला पडला नव्हता. गावातला कोणीतरी दिवसभर चालत एटापल्लीला येऊन तिथून फोन लावायचा, हे मला चाचांनी सांगितलं.

कागदावर चाचा ‘फील्ड सर्व्हिस इंजिनीअर’ होते. तसं कोणी म्हटलं की त्यांना राग यायचा. "इंजिनीअर तिकडं एसीत बसते. मी मिस्त्री आहो." मूलच्या बाजारात त्यांच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि तिथे लहानपणापासून बारीक स्क्रू वेचून चाचांची बोटं तयार झाली होती. आमच्या घरचा रेडिओही त्यांनीच दोनदा जिवंत केला होता.

त्यांना आपल्या नोकरीची साखळी पाठ होती. "कंपनीनं काम नागपूरवाल्याले देल्लं. नागपूरवाल्यानं आपल्या साहेबाले देल्लं. साहेबानं मले देल्लं. आता मी कोणाले देऊ? छपरावरच्या माकडाले?" आमचे साहेब केबिनमधून ओरडायचे, "ऐकू येतं बरं का!" चाचा म्हणायचे, "तुमाले नाई जी, माकडाले बोलून राह्यलो."

मतं तर त्यांची प्रत्येक वस्तूवर होती. चांदणीच्या आकाराच्या खोबणीचा एक स्क्रू तेव्हा नवा निघाला होता. तो दिसला की चाचा खवळायचे. "पाह्य बेटा, हा स्क्रू काऊन बनवला? वस्तू घट्ट बसावी म्हणून नाई. तुह्या-माह्यासारख्यानं हात लावू नाई म्हणून." मग घरी कानस मारून तयार केलेला ड्रायव्हर खिशातून काढायचे आणि तो स्क्रू काढून टेबलावर उभा करायचे. त्यांचा पुतण्या पुण्यात कॉल सेंटरला होता. तिथे त्याचं नाव बदलून इंग्रजी ठेवलं होतं, आणि तो रात्रभर अमेरिकेतल्या बायकांच्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकायचा. चाचांना त्याचा अभिमानही होता आणि चीडही. "अमेरिकेची तक्रार आपला पोरगा ऐकते, बरोबर? मंग एटापल्लीची तक्रार कोण ऐकते, त्याचं नाव सांग मले!" मी म्हणायची, "मी ऐकते ना चाचा." ते म्हणायचे, "हाव. म्हणूनच तर भेव वाटते."

त्या बोलण्यात किती खरं होतं, ते आता सांगते. सांगताना आजही लाज वाटते.

कंपनीने आम्हाला बिघाडांची एक यादी दिली होती. चौदा बिघाड, चौदा कोड. बॅटरी, अँटिना, वीज पडणं वगैरे. चौदावा कोड होता ‘वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा’. तक्रार बंद करायची तर कोड घालावाच लागे, आणि पंधरावा आकडा टाकला की कॉम्प्युटर पीं करून नाही म्हणायचा. एटापल्लीच्या पुढे, नदीपलीकडच्या एका गावातल्या फोनच्या पेटीतला सर्किटचा बोर्ड एका वर्षात दोनदा जळाला. दोन्ही वेळा चाचांनी फॉर्मवर लिहून आणलं, ‘मुंग्या’. आता मुंग्यांचा कोड कुठून आणू? मी दोन्ही वेळा चौदा टाकला आणि चहा प्यायला गेले. कोणाला काय फरक पडतो, असं वाटलं.

बोर्ड तिसऱ्यांदा जळाला आणि कंपनीच्या मोठ्या ऑफिसातून पत्र आलं. या गावाचे लोक यंत्र सांभाळत नाहीत, पेटी काढून दुसऱ्या गावाला द्यावी. काढायला अर्थातच चाचांनी जायचं होतं.

चाचांनी पत्र दोनदा वाचलं. "निष्काळजीपणा कोणं लिवला?"

मी म्हटलं, "मी."

मला वाटलं, आता ऑफिस डोक्यावर घेतील. त्यांनी फक्त चष्मा पुसला आणि म्हणाले, "उद्या तू पण चाल. तुह्या बाबाले मी सांगतो." आणि बाबांनी, मला मैत्रिणीच्या लग्नालाही न सोडणाऱ्या माझ्या बाबांनी, चाचांचं नाव ऐकून हो म्हटलं.

आलापल्लीला त्यांच्या बहिणीकडे मुक्काम, सकाळी एटापल्लीपर्यंत एसटी, पुढे जीप, आणि जीप थांबली तिथून पायी. माझ्या सँडलने नदीच्या अलीकडेच राम म्हटलं. नदीत गुडघ्याएवढं पाणी होतं. चाचा पुढे नवा बोर्ड डोक्यावर धरून चाललेले. "पावसाळ्यात इथी माणूस नाई उतरत. तेव्हा फक्त तो फोनच पार जाते."

फोन एका माडिया आदिवासी बाईच्या घरी होता. पडवीत तिचं चहाचं आणि मीठ-तेलाचं दुकान, आणि भिंतीवर ती पेटी. सारवलेल्या भिंतीवर डाग नाही. पेटीवर स्वच्छ धुतलेला रुमाल. बाई मराठी जपून, एकेक शब्द मोजून बोलायची. आम्ही पेटी न्यायला आलोय, हे तिला आधीच कळलं होतं. ती म्हणाली, "मी हात धुतल्याबिगर हात नाई लावत." मग आतून सुनेला बोलावलं. सुनेच्या कडेवर वर्षाचं पोर होतं. बाळंतपणात हे पोर अडलं होतं तेव्हा याच फोनवरून दवाखान्याची गाडी नदीपर्यंत आली होती. बाईने पोराकडे बोट दाखवलं, मग पेटीकडे, आणि माझ्याकडे बघत राहिली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

चाचांनी पेटीला नाक लावलं. "ये, तू घे वास."

मी घेतला. आंबूस, चिंचेसारखा वास होता.

"मुंग्या," चाचा म्हणाले. "पण उघडल्याशिवाय बोलू नाई." आणि त्यांनी कंपनीचं सील तोडलं.

सील तोडायची मनाई होती, बरं का. सील फक्त मोठ्या ऑफिसातल्या माणसाने तोडायचं, आणि तो माणूस या नदीपर्यंत कधी आला नव्हता. आत पाहिलं तर बोर्डावर मुंग्यांचं गावच वसलं होतं. अंडी, माती, सगळा संसार. मेलेल्या मुंग्यांचा थर जिथे साचला होता, तिथेच बोर्ड काळा पडला होता. आणि पाच पावलांवर दुकानातला गुळाचा डबा होता, त्याच्याजवळ एक मुंगी नव्हती! त्यांना गूळ नको होता, पेटीतली ऊब हवी होती. हवा जायला ठेवलेल्या फटींतून त्या आत शिरत होत्या.

"बोर्ड बनवणारा हुशार आहे," चाचा म्हणाले. "काम पाह्य किती साफ आहे त्याचं. फक्त त्यानं मुंगी नाई पाह्यली." हे ते मनापासून म्हणाले. चांगल्या कामाला नावं ठेवणं त्यांना जमतच नसे.

मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बाईची चहाची गाळणी उचलली. तारेची, बारीक जाळीची. "बाई, हे मले देता का? पुढच्या फेरीत नवी आणून देतो." गाळणी कापली, जाळीचे तुकडे केले आणि एकेका फटीवर आतून सोल्डरचा डाग देऊन बसवले. नवा बोर्ड लावला. मुंग्यांची माती आणि थोड्या मुंग्या कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत भरल्या. झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला खिळ्याने कोरलं, ‘सील मी तोडलं’, आणि खाली सही. बाईने रिसीव्हर कानाला लावला. आत आवाज होता. ती नुसती खाली बसली. पेटी काढायला गेलेले आम्ही, पेटी चालू करून परत आलो.

फॉर्मवर चाचांनी ठसठशीत लिहिलं, ‘कोड १५ – मुंग्या’. ती डबी आणि फॉर्म आम्ही कुरिअरने मोठ्या ऑफिसला पाठवला. सोबत मीही एक पत्र जोडलं: आधीचे दोन्ही चौदा मी चुकीचे टाकले, गावाचा दोष नाही.

आठवड्याने मोठ्या ऑफिसातून फोन आला तो मुंग्यांबद्दल नव्हता, सीलबद्दल होता. साहेब वाईट नव्हते, त्यांनाही वरून कोणी झापत होतं. त्यांनी चाचांना आत बोलावलं. दार उघडंच होतं. "सील गावातल्या कोणी तोडलं, एवढंच लिहा. मी तुमची नोकरी वाचवतो."

"मंग पेटी जाईन ना जी त्यायची."

"चाचा, घरी चार माणसं आहेत तुमच्या."

"तिथी सगळं गाव आहे. सील मी तोडलं. लिहून घ्या."

तेही इतक्या साध्या आवाजात, की जसं काही चहात साखर कमी सांगत होते. त्याच महिन्यात त्यांची नोकरी गेली. पेटी मात्र चालू होती, तक्रार नव्हती, आणि चालू पेटी काढायचा हुकूम काढायला कोणाला सुचलं नाही. जाताना चाचांनी चांदणीच्या स्क्रूचा तो घरचा ड्रायव्हर माझ्या टेबलावर ठेवला. मी रडायला लागले तर म्हणाले, "येडी आहेस का? नोकरी माही गेली, हात नाई गेले." ते मूलला वडिलांच्या दुकानात जाऊन बसले.

आणि गाळणी? पुढची फेरी तर आता होणार नव्हती. चाचांनी मूलच्या बाजारातून नवी गाळणी घेतली, एसटीच्या कंडक्टरकडे दिली, कंडक्टरने आलापल्लीला बहिणीकडे, बहिणीने जीपवाल्याकडे आणि जीपवाल्याने नदीपलीकडे जाणाऱ्या गुरुजींकडे. पंधरा दिवसांनी त्या गावातून ऑफिसात फोन आला. मी घाबरून तक्रारीचं पान उघडलं. बाई म्हणाली, "गायनी आली. सांग त्याले." एवढंच बोलून फोन ठेवला. इतक्या हातांतून गेलेलं एकतरी काम मी नीट पोचलेलं पाहिलं.

दीडेक वर्षाने फोनच्या पेटीचं नवं मॉडेल आलं. मी खोका फोडला, पेटी उलटी केली आणि ओरडलेच. प्रत्येक फटीवर जाळी! सोबत नवं पुस्तक. बिघाडांच्या यादीत चौदाच्या खाली एक ओळ वाढली होती: ‘१५ – कीटक’. कोणाचं नाव नाही, गाव नाही. मी पंधरा टाकून पाहिला. कॉम्प्युटरने मुकाट घेतला. त्या दिवशी मी साहेबांना न विचारता पेटी पिशवीत घातली आणि मूलची बस पकडली.

चाचांनी आधी वास घेतला. मग जाळीवर बोट फिरवलं, उजेडाकडे धरून पाहिली, मग पुस्तकातली ती ओळ. शेजारच्या चपलांच्या दुकानदाराला हाक मारली, समोरच्या पानवाल्याला बोलावलं, सगळ्यांना ती ओळ दाखवली. छाती ही एवढी फुगलेली. सगळे गेल्यावर मला हळूच म्हणाले, "जाळी थोडी जाड आहे. गाळणीची बारीक होती."

चाचा जाऊन आता काही वर्षं झाली. दुकानात मोबाइलची कव्हरं विकतात. जंगलात टॉवर आले आणि ते एका गावाचे एक फोन कधी बंद झाले, कोणाला कळलंही नाही. मध्यंतरी दुसऱ्या कामाने एटापल्लीला गेले होते, तर नदीवर पूल झालेला. मुद्दाम पलीकडे गेले. बाई म्हातारी झाली होती, पण ओळखलं. पेटी अजून भिंतीवर होती. काढायला कोणी आलंच नव्हतं. मी पर्समधून चाचांचा ड्रायव्हर काढला आणि, आता हसा हवं तर, आधी वास घेतला. नुसत्या धुळीचा होता. मग उघडली. झाकणाच्या आत त्यांची सही होती. जाळी जागच्या जागी होती. मुंगी एकही नव्हती.

बाईने चहा ठेवला होता. तिने फळीवरून गाळणी काढली, पदराने पुसली. मी म्हटलं, "हीच का ती?" ती म्हणाली, "हाव, मिस्त्रीची."

मी चहा शेवटपर्यंत प्यायले आणि कप तिरका करून तळ पाहिला. एक पत्तीही उतरली नव्हती.