दहा हजार एकचा भागाकार

अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हाची गोष्ट. मी अमरावतीच्या शाळेत मास्तर होतो. हातात लोखंडी टोपणाची छडी असे, आणि ती मी पोरांवर सढळपणे चालवी. जिवलग म्हणावा असा एकच माणूस होता, अकोल्याच्या शाळेतला मास्तर. दोघांनाही मोठमोठ्या संख्या फोडायचा नाद. जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, ती आमच्या बोलण्यात ‘अभंग’. एकदा त्यानं चिठ्ठीतून विचारलं, दहा हजार एक फुटते की अभंग आहे?

शंभराच्या आतले अभंग आकडे लावून पाहिले की पुरे. दोन्ही भाजक शंभरावरचे असले, तर गुणाकार दहा हजार एकच्या पुढेच जातो. मी एकाहत्तरपर्यंत पोचलो. त्यातल्या कशानंही भाग जाईना. कंटाळा आला, पाटी पुसून टाकली.

आठवड्याभरानं तो कापसाच्या गाड्यांबरोबर अमरावतीला आला. भर बाजारात, चार ओळखीच्या माणसांसमोर मी छाती काढून म्हणालो, “दहा हजार एक अभंग आहे. मी सारे आकडे लावून पायले.”

“त्र्याहत्तरनं भाग जाते ना, भाऊ,” तो म्हणाला. “तू पायलंच नाही काय?”

माणसं हसली.

“खोटं बोलून राहिला तू!” मी छडी हाणली. टोपण त्याच्या डाव्या डोळ्यात घुसलं. तो ओरडला नाही. त्यानं माझा गळा धरला, कापसाच्या ढिगावर आडवं पाडलं आणि तोंडावर बुक्क्या घातल्या. दोन दात घशाशी गेले. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावलो. पांढऱ्या कापसावर रक्ताचे शिंतोडे उडाले.

“माल नासवला!” व्यापारी किंचाळला. त्याच्या गड्यांनी बैलांचे कोरडे उचलले आणि आम्हा दोघांनाही फोडून काढलं. सदरा फाटला, पाठीची साल निघाली. शेवटी पाय धरून त्यांनी आम्हाला रस्त्यावर ओढून टाकलं.

तिथं धुळीत मी बोटानं भागाकार मांडला. त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस. बाकी शून्य. मान वळवून पाहिलं, तर त्याला गाडीत घालून नेलं होतं.

महिन्याभरानं अकोल्याला गेलो. दारातच त्याच्या भावानं मला लाथांनी तुडवलं. मी हात उचलला नाही. आतून तो म्हणाला, “पुरे. येऊ दे त्याले.”

डाव्या डोळ्याच्या जागी खोबण उरली होती. त्यानं विचारलं, “त्र्याहत्तरच्या आधीच काहून थांबला?”

“कंटाळलो.”

त्यानं मला प्यायला पाणी दिलं. पुढे कैक वर्षं आमची भेट होत राहिली, पण त्यानं मला पुन्हा कधी संख्या धाडली नाही.