पंधरा मिनिटं पुढचं घर

मोठे बाबा कुठे निघायचे झाले की जोडे घालून खाटेवर बसून राहायचे. निघायला अजून वेळ आहे हे त्यांना ठाऊक असायचं, कारण घरातली सगळी घड्याळं त्यांनी स्वतःच दहा मिनिटं पुढे करून ठेवलेली होती. घड्याळ बघून घाईने तयार व्हायचं आणि मग ते पुढे आहे हे आठवून स्वस्थ बसायचं, असा त्यांचा रिवाज होता.

"मंग पुढं करून फायदा काय, मोठे बाबा?" आम्ही विचारायचो.

"बसायले भेटते ना," ते म्हणायचे.

ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. तिरोडीच्या मँगनीज खाणीत भांडारावर होते. सकाळचा भोंगा वाजायच्या आधी ते तयार होऊन खाटेवर बसलेले असत आणि समोर त्यांची बायको, आमची मोठी आई. ती घरात जोडे घातल्याबद्दल बोलायची, ते ऐकून घ्यायचे आणि रोज तोच प्रश्न विचारायचे, "आज भाजी काय करतं?" डब्यात ती भाजी आधीच भरलेली असायची. तरी ती नाव सांगायची. नोकरी संपल्यावर त्यांनी बालाघाटला घर बांधलं. भोंगा तिरोडीला राहिला, दहा मिनिटं मात्र त्यांच्याबरोबर आली.

काही वर्षांनी मोठ्या आईला काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची असेल तर औषधाचे थेंब सकाळ-संध्याकाळ आठला, न चुकता. थेंब मोठे बाबाच टाकत. पण वेळ कळायला दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं, हे मोठ्या आईला लागलं होतं. भिंतीवरचं घड्याळ तिला सापडेना.

"दर खेपेले किती वाजले, किती वाजले, काहून विचारू मी?" ती म्हणाली. "मले माह्या डोयानं पाह्यचं हाय."

त्यांच्या मुलाचा, सुधीरदादाचा, कॉम्प्युटर घरातच होता. दादा नोकरीसाठी रायपूरला गेला तेव्हापासून त्यावर कापड घातलेलं होतं. मोठ्या बाबांनी मला बोलावलं. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि मला यातलं थोडंफार येतं. "याच्यावर एक मोठी घडी बसव," ते म्हणाले, "अन् खाली तारीख."

मी घड्याळाचं विजेट घेतलं, कॅलेंडरचं घेतलं आणि सगळे ठेवतात तशी दोन्ही उजव्या कोपऱ्यात लावली. मोठी आई समोर बसली. बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाली, "कुठं हाय?"

मोठे बाबा मला हळूच म्हणाले, "तिचे कोपरे गेले बेटा. मंधात ठेव."

काचबिंदूत कडेची नजर आधी जाते, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं कामी आलं नाही. मग पडद्यावरची सगळी चित्रं कडेला सारली, मागचा रंग काळा केला, आकडे पिवळे आणि जमतील तेवढे मोठे केले. खाली कॅलेंडर, त्यात डॉक्टरांकडे जायची तारीख लाल. "सहा वाजून वीस," मोठी आई म्हणाली. थोडं थांबून तिने तारीखही वाचली.

मोठ्या बाबांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे साडेसहा झाले होते.

"याले पुढं कर," ते म्हणाले. मी केलं. दुसऱ्या दिवशी बघते तर कॉम्प्युटर आपल्या मनाने मागे आलेला. असं तीनदा झालं. तो नेटवरून वेळ दुरुस्त करून घेतो हे मी समजावलं. "त्याले सांगते कोण?" त्यांनी विचारलं. विजेटमध्ये दुसऱ्या शहराची वेळ लावायची सोय होती. मी यादी खाली खाली नेत गेले. दहा मिनिटं पुढचं गाव जगात कुठे सापडेना. पंधरा मिनिटं पुढचं होतं, काठमांडू.

"पंधरा? चालते," मोठे बाबा म्हणाले. लगेच स्टुलावर चढून त्यांनी घरातली सगळी घड्याळं आणखी पाच मिनिटं पुढे केली. "एका घरात दोन टाइम नाई चालत."

आकड्यांखाली काठमांडू असं बारीक अक्षरांत यायचं. शेजारचे ठाकरे गुरुजी एकदा चष्मा वर करून म्हणाले, "काहून जी, नेपाळचा टाइम काहून?"

"हिचं माहेर हाय तिथं."

"इथल्या रामपायलीची हाय मी," मोठी आई आतून म्हणाली. "यांचं काई आयकू नका."

पडद्यावर आठ वाजले की मोठे बाबा बाटली घेऊन तिच्याजवळ बसत. लगेच थेंब टाकत नसत. खरे आठ व्हायला अवकाश असे. तेवढ्यात भाजीचं विचारून होई. मग ती मान मागे टाके.

गेल्या थंडीत मोठे बाबा गेले. सकाळी जोडे घालून बसले होते, बाजारात जायचं होतं. उठलेच नाहीत.

तेरावं होईपर्यंत घरात येणारे-जाणारे होते आणि वेळेचा घोटाळा व्हायचा, म्हणून सुधीरदादाने भिंतीवरची घड्याळं बरोबर करून टाकली. कॉम्प्युटरला त्याने हात लावला नाही. निघताना तो म्हणाला, "आई, चल रायपूरले. इथं थेंब कोण टाकन?"

"तिथं मले काई दिसत नाई," मोठी आई म्हणाली. "इथलं पाठ हाय."

दादा माझ्याकडे बघत राहिला. मी येत जाईन, असं मी म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी पडद्यावर आठ झाले तशी मी बाटली हलवून उघडली. "टाकू का, मोठी आई?"

"थांब. आठ कुठं वाजले अजून? बस."

मी खाटेवर बसले. खाटेखाली जोडे तसेच होते. ती माझ्याकडे नाही, पडद्याच्या मधोमध बघत होती.

"आज भाजी काय केली?" तिने विचारलं.

"दोडकं."

"दाण्याचा कूट टाकला?"

"हौ."

ती आणखी थोडा वेळ बसली आणि मग तिने मान मागे टाकली.