डोराबाई नागपूरला परत आल्या तेव्हा

मे महिन्यातली दुपार. सक्करदऱ्याच्या आमच्या घरासमोर एक सायकलरिक्षा थांबली आणि तिच्यातून हॅरीसाहेब आणि डोराबाई उतरले... दोन ट्रंका, एक वळकटी. मी वरच्या गॅलरीतून बघत होते. वाटलं, आपल्याला ऊन लागलं.

कारण हे दोघं दिवाळीनंतर कायमचे इंग्लंडला गेले होते! आम्ही सगळे हार घेऊन स्टेशनवर गेलो होतो. सासूबाई तर रडल्याही होत्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे ही. साहेब इंग्रज, कोळशाच्या खाणीत इंजिनिअर होते, सगळी उमर इकडेच गेली. रिटायर झाल्यावर पेन्शनीत भागेल अशी जागा शोधत होते. आमच्या घरी खाली हातमाग चालायचे. डोराबाई पडद्यांना कापड घ्यायला आल्या आणि वरच्या दोन खोल्या बघून गेल्या... दुसऱ्या आठवड्यात राहायलाच आल्या.

सकाळी साहेब लुंगी लावून गॅलरीत दाढी करायचे. डोराबाई भाजीवालीशी आमच्यापेक्षा अस्सल नागपुरीत भांडायच्या.

मग इंग्लंडहून त्यांच्या मुलीचं पत्र आलं... आता वय झालं, घरी या. ते गेले आणि त्या दोन खोल्या मला मिळाल्या.

'मिळाल्या' म्हणजे काय, ते सांगायला हवं. खाली माग, सासू-सासरे, दोन दीर, आम्ही दोघं आणि तान्हं बाळ. लग्नाला तीन वर्षं होऊनही दार लावता येईल अशी खोली मला नव्हती. वर राहायला आले तेव्हा पहिले आठ दिवस मी उगाच दार लावून बघायचे. उघडायचे, पुन्हा लावायचे...

तर त्या दुपारी ते दोघं सवयीनं थेट जिना चढून वर आले. डोराबाईंनी चपला काढल्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. चहाच्या पातेल्यासाठी नेहमीच्या फळीकडे हात नेला. तिथे आता माझे देव होते.

हात तसाच राहिला. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली... बाळाची झोळी, दोरीवरच्या माझ्या साड्या. "अवं माय," एवढंच म्हणाल्या आणि बाहेर जाऊन जिन्यावर बसल्या. साहेब हॅट हातात धरून उभेच.

सासूबाई खालून आल्या. त्यांनी सरळ विचारलं, "काहून जी, वापस काहून आले?"

"थंडी लय होती," साहेब म्हणाले. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

डोराबाई जिन्यावरूनच म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे. जावई चांगला आहे. कोणी काही बोललं नाही... मले समजून नाही राहिलं वं, मी काहून आली."

दुसरी जागा मिळेपर्यंत सासऱ्यांनी त्यांची सोय खाली मागाजवळ केली. वरच्या खोल्यांबद्दल त्या दोघांनी एक शब्द काढला नाही. आणि मला राग येत होता. कोणाचा, तेच कळत नव्हतं. त्यांनी खोल्या मागितल्या असत्या तर नाही म्हणता आलं असतं... पण ते मागतच नव्हते.

साहेब रोज सकाळी जागा बघायला निघायचे. लोक चहा पाजायचे, हसून बोलायचे आणि खोली काही दाखवायचे नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी मी पाणी भरायला खाली आले, तर साहेब सतरंजीवर झोपलेले. माणूस उंच, पाय उंबऱ्याबाहेर उन्हात.

डोराबाई शेजारी बसून टॉवेल ओला करून त्या पायांवर टाकत होत्या. टॉवेल बघता बघता वाळायचा. त्या पुन्हा भिजवायच्या...

"डोराबाई, वर चला," मी म्हणाले.

"नाही वं. तुझं घर आहे ते."

"एक खोली माझी, एक तुमची. स्वयंपाक एकत्र."

हे मी कोणालाच विचारलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. बोलून गेले. संध्याकाळी नवरा आला, त्यानं ऐकून घेतलं आणि ट्रंका वर चढवायला लागला.

पाच वर्षं आम्ही तसे राहिलो. भांडलोही... विशेषतः भाजीत तिखट किती यावरून. मधल्या दाराला साहेबांनी आमच्या बाजूनं एक चांगली जाड कडी बसवून दिली. त्यांच्या बाजूनं बसवली नाही.

मग एका हिवाळ्यात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन साहेब गेले. मुलगी आली, आणि खरंच चांगली होती. आईला सोबत न्यायचं म्हणत होती.

एका सकाळी आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. डोराबाईंनी मान वर न करता विचारलं, "जाऊ काय वं?"

मी सोलतच राहिले. थांबा म्हणावं, तर पोटची पोर दारात उभी. जा म्हणावं, तर ही बाई एकदा जाऊन परत आलेली. शेवटी म्हणाले, "जा."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि मुलीबरोबर गेल्या. त्यांची पत्रं येत राहिली. मग एक दिवस मुलीच्या अक्षरातलं पत्र आलं, डोराबाई वारल्याचं.

मी बरोबर सांगितलं की चूक, ते मला आजही कळलेलं नाही. पण जावं की राहावं, हे विचारायला त्या माझ्यापाशी आल्या होत्या... त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.