तिची उघडी रिक्वेस्ट

नव्वदीच्या दशकात ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी होती. आम्ही कारखान्यांसाठी पगाराचा प्रोग्राम बनवायचो. त्यात कुणाला चूक दिसली, बदल हवा असला, की चेंज रिक्वेस्ट टाकायची. त्या रिक्वेस्टांचा डेटाबेस माझ्याकडे. नियम एकच, आणि तो मीच सगळ्यांचं डोकं खाऊन लावला होता: ज्यानं रिक्वेस्ट टाकली, त्यानंच ती बंद करायची. दुरुस्त करणारा काय, ‘झालं’ म्हणणारच. शेवटी स्क्रीनवर प्रश्न यायचा, समाधान झालं का? ‘हो’ दाबल्याशिवाय सुटका नसे.

माझी मैत्रीण टेस्टिंग करायची. कोपरला राहायची, नवरा, सासू, एक लहान मुलगी. कामात भलती चिवट. टेस्टिंगला खोटे कामगार लागतात, त्यांना आम्ही आमचीच नावं देत असू. एके दिवशी ती म्हणाली, "अगं, पगारपत्रकातनं माझं नाव गायब झालेलं." मधे तिनं तारखा बदललेल्या, कुठल्या ते आठवेना. पुन्हा चालवलं तर नाव जागेवर. तिनं रिक्वेस्ट टाकली, पण ती चूक कुणालाच दिसेना. साहेब म्हणाले, "भास झाला असेल तुला. बंद करून टाक."

"सापडेपर्यंत नाही करणार," ती म्हणाली.

त्यानंतर तिला कावीळ झाली आणि बघता बघता ती गेली.

दहाव्याला मी खाडीवरच्या घाटावर गेले. आमच्यात बायका घाटावर जात नाहीत, तिच्या सासरी जातात. आईला ऑफिसला जाते म्हणून सांगितलं. पिंड मांडला आणि कावळा शिवेना. झाडावर चांगले बसलेले, पण खाली एक येईना. नवऱ्यानं हात जोडून सांगितलं, मुलीला शिकवीन. सासूनं सांगितलं, तिला काही कमी पडू देणार नाही. कावळे ढिम्म. गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेणार, एवढ्यात मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "तुझी चूक सापडेपर्यंत रिक्वेस्ट बंद करणार नाही." मी असलं काही मानणारी नाही. पण कावळा खाली आला. नवऱ्याला वाटलं, त्याच्या बोलण्यानं आला. वाटू दे बिचाऱ्याला. माझ्या अंगावर आलेला काटा अजून पुरता गेलेला नाही.

प्रोग्राम कारखान्याला द्यायची वेळ आली तेव्हा साहेबांनी बोलावलं. "तिच्या पासवर्डनं आत जा, ‘हो’ दाब, विषय संपव. ती काय आता बघायला येणारे?"

"साहेब, नियम आहे."

"नियम माणसांसाठी असतो गं."

"तीपण माणूसच होती," मी म्हटलं. रिक्वेस्ट उघडीच राहिली.

दर सोमवारी उघड्या रिक्वेस्टांची यादी निघायची, सगळ्यात वर तिचं नाव. नवीन लोक विचारायचे, ह्या कुठं बसतात? मी म्हणायचे, रजेवर आहे. सगळे जेवायला गेले की मी पगारपत्रक चालवून बघायचे. तिचं नाव दिसलं की बरं वाटायचं. आणि मग मीच स्क्रीनला सांगायचे, गायब हो बाई एकदा, म्हणजे तू खरी ठरशील. घरी बोलायची सोय नव्हती, वेड्यात काढलं असतं.

मग दोन हजार साल येणार म्हणून सगळे प्रोग्राम तारखा पुढेमागे करून तपासायला काढले. एका नव्या इंजिनिअर बाईनं हाक मारली. "मॅडम, हे बघा ना. महिना रविवारी संपला आणि शनिवारी माणूस रजेवर असला, की त्याचं नाव गळतं." मी बघितलं. शनिवारची रजा तिच्या नावावर टाकलेली; बाकी सगळ्यांची नावं होती, तिचं तेवढं नव्हतं.

दुरुस्ती झाली. रविवारी संपणारे महिने मी एकेक करून चालवले; नाव पुन्हा गळलं नाही. तिच्या पासवर्डनं आत गेले. प्रश्न आला. वाटलं, राहू दे अजून थोडे दिवस, कोण विचारतंय. पण चूक सापडल्यावरही तिला अडवून धरायचं, तर मग घाटावर बोलले त्याला काय अर्थ? मी ‘हो’ दाबलं.

साहेब म्हणाले, "सुटलीस एकदाची." मी जिन्यात जाऊन बसले आणि ढसाढसा रडले. ती गेली तेव्हा मी रडलेच नव्हते. तिचं काम उरलं होतं ना, तोवर ती गेली असं मला कधी वाटलंच नव्हतं.