आधी खाकर!

व्यक्तिचित्र म्हटल्यावर तुम्ही सावरून बसला असाल. आता कुणी थोर गुरुजी येणार, माझ्या पाठीवर हात ठेवणार आणि माझं सोनं होणार. तसलं काही नाही. धारवाडला मॅट्रिकला दोनदा आपटलेला मी. माझं पितळसुद्धा धड झालं नाही. आणि अप्पांनी माझ्या पाठीवर ठेवली ती काठी.

अप्पा आमच्या अळणावरजवळच्या गावचे. आसपासच्या सगळ्या घरांची देवकं त्यांना तोंडपाठ. देवक एक निघालं की ती घरं भावकीतली, त्यांच्यात लग्न होत नाही. म्हणून सोयरीक ठरवायच्या आधी अप्पांना विचारायचं. अप्पा आधी जोरात खाकरायचे, मिशीवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "देवाला विचारून झालं न्हवं? आता मला विचारा."

स्टेशनवरचा गोरा गार्ड, मामलेदार, कुणाचीही नक्कल मी करायचो. पण अप्पा केले की चावडी भरायची. एका बाजाराच्या दिवशी हुबळीचे डॉक्टर आले होते, तेही बसले बघायला. मी डावा पाय ओढत आलो. "पोरीचं आजोळ कुठलं?" विचारलं. उत्तर ऐकलं, पान लावलं आणि पुन्हा विचारलं, "पोरीचं आजोळ कुठलं?" लोक लोळले. डॉक्टरही हसले, मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

"गेल्या शिमग्याला अशीच नक्कल करत होतास?"

"छे हो! तेव्हाचे अप्पा वेगळे." आणि हुशारी दाखवायला मी तेही करून दाखवले. ताठ चाल, एका दमात वीसेक घरांची देवकं.

आता शाबासकी मिळणार म्हणून मी छाती काढून उभा. डॉक्टर मात्र पेटी उचलून अप्पांच्या घराकडे निघाले होते.

त्यांनी अप्पांच्या दंडाला पट्टा बांधला, पाऱ्याची नळी बघितली. "अप्पा, रक्ताचा दाब फार आहे. धमन्या कडक झाल्यात. पाटात गाळ साचला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसं तुमच्या डोक्याचं झालंय."

"साठी बुद्धी नाठी, दुसरं काय!" अक्का म्हणाल्या. अक्का म्हणजे अप्पांची बायको.

"नुसतं वय नव्हे, अक्का. मीठ कमी करा, तंबाखू बंद. गेलेलं परत येईल असं मी सांगत नाही. राहिलंय ते राखू."

अप्पांनी तंबाखूची पिशवी मुठीत गच्च धरली. मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, एखादं देवक चुकलं तर? भावाबहिणीचं लग्न लावून बसेन की हो मी."

मी डॉक्टरांच्या मागोमाग येऊन दाराशी उभा होतो. तेवढ्यात काठी माझ्याकडे वळली. "ए तम्मा, अर्धीच नक्कल करतोस. उद्यापासून ये. पुरी शिक."

पावसाळाभर मी देवकं घोकली. मॅट्रिकला एवढं घोकलं असतं तर आज मामलेदार झालो असतो. चुकलं की काठी, बरोबर आलं की "बरं, पुढं."

दिवाळीनंतर शेजारच्या गावचे पाहुणे आले. मुलाचं घराणं सांगितलं, मुलीचं सांगितलं. अप्पांचं बोट मिशीवर गेलं आणि तिथंच थांबलं. घामानं कपाळ भिजलं. मी मागं खांबाआड. त्यांनी हळूच मान वळवली, अन् मी त्यांच्याच आवाजात बोललो, "जमत नाही. दोन्हीकडं देवक कळंब. भावकी लागते." अप्पांनी मिशीआड नुसते ओठ हलवले. "वाचवलंत, अप्पा," म्हणत पाहुणे हात जोडून उठले.

मी पुन्हा छाती काढून उभा राहिलो. मला सवयच ती.

"गाढवा!" काठी बसली. "आधी खाकरलास?"

"घाईत राहिलं, अप्पा."

"मी विसरायचं ते विसरीन, माझं मी बघतो! पण अप्पा खाकरायचा विसरला, असं ते पाहुणे गावभर सांगत सुटले म्हणजे? हो मागं! पुन्हा कर. आणि आधी खाकर!"