नऊ लाल पट्ट्या

शुक्रवार, १७ जानेवारी १९९२. ऑफिसातून आल्यावर जुन्या लाल परकराच्या पट्ट्या फाडल्या. वीतभर लांब, दोन बोटं रुंद. दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपची पहिली मुक्कामी सहल निघायची होती. डोंगरावर जिथे वाट फुटेल तिथे झाडाला पट्टी बांधायची, म्हणजे उतरताना चुकायला नको, असं मी ठरवलं होतं.

आम्ही सात जणी. डोंबिवलीत पाइपलाइनच्या रस्त्याने रोज पहाटे चालायचो. डोंगराची सवय फक्त मला, म्हणून पुढारीपण माझ्याकडे. नुसत्या बायकाच जाणार हे कळल्यावर एकीच्या नवऱ्याने विचारलं, "सोबत येऊ का?" मी म्हटलं, "या की. भाकऱ्या थापायला माणूस हवंच आहे." तो आला नाही.

सर्वांत लहान होती ती ठाण्याच्या एका हॉस्पिटलात नर्स. आम्ही तिला सिस्टरच म्हणायचो. नोकरी अजून कायम झालेली नव्हती आणि उशिरा येण्याबद्दल एक मेमो मिळून गेलेला. दुसरा मिळाला तर कायम होणं लांबलं, असं मेट्रनबाईंनी बजावलं होतं. रविवारी रात्री आठची ड्युटी होती. "चारला खाली, पाचची गाडी, सातच्या आत ठाणे. मी सांगते ना," असं म्हणून मीच तिला तयार केलं. युनिफॉर्म तिने सॅकमध्येच घेतला.

शनिवारचा मुक्काम आसनगावच्या पुढे, डोंगराखालच्या गावात, शाळेच्या पडवीत झाला. पिठलं-भाकरी खाताना मी दोन नियम सांगितले. पहिला, माझ्या पुढे कोणी जायचं नाही आणि सिस्टरच्या मागे कोणी राहायचं नाही. दुसरा, डोंगरावर आपली एकही वस्तू मागे ठेवायची नाही. शेवटी चालणारीने सगळं उचलून आणायचं.

सकाळी चढ छान झाला. मी पट्टी बांधायची आणि पुढे निघायची. सगळ्यांत मोठ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईसुद्धा न थांबता वर आल्या. सगळ्यांच्या शेवटी सिस्टर आली, घामाने भिजलेली आणि खूश.

"ताई, किती पट्ट्या बांधल्या तुम्ही?"

"नऊ."

"मग बरोबर. नऊच्या नऊ आहेत." तिने खिशातून लाल पट्ट्यांचा बोळा काढून माझ्या हातात ठेवला.

तिचं रोजचं कामच ते होतं. ऑपरेशनमध्ये आत गेलेले कापसाचे बोळे मोजायचे आणि मोजणी जुळल्याशिवाय टाके घालू द्यायचे नाहीत. एकही वस्तू मागे ठेवायची नाही म्हटल्यावर तिने एकही ठेवली नव्हती.

मग बाई म्हणाल्या, "आता परकर परत शिवून घे."

सगळ्या हसल्या. सिस्टरला मात्र काय झालं ते कळलं आणि तिचा चेहरा उतरला. मी तिला सांगितलं, "नियम माझा, चूक माझी. पट्ट्या कशाला आहेत हे मी तुला सांगितलंच नाही. आता आधी जेवून घे."

जेवताना विचार केला. मी गाठ मारून लगेच पुढे निघत होते, मला झाडं धड आठवत नव्हती. तिने मात्र प्रत्येक गाठ नखांनी सोडवली होती.

"पहिल्यापासून सांग बघू."

"पहिली करवंदीला, काटा लागला बोटाला. दुसरी त्या वाकड्या सागाला." तिने नऊही सांगितल्या.

उतरताना सिस्टर पुढे आणि मी शेवटी. आठ फाटे तिने बरोबर ओळखले. करवंदीच्या जाळ्या खाली पुष्कळ होत्या, तिथे आम्ही चुकलो. वाट एका ओढ्यात संपली, परत वर चढून यावं लागलं. त्यात पाऊण तास गेला आणि पाचची गाडी गेली. पुढची साडेसहाला.

स्टेशनबाहेर पीसीओ होता. मी हॉस्पिटलला फोन लावून सांगितलं, सिस्टर अर्धा-पाऊण तास उशिरा पोचतील, त्यांना आणणारी मी, वाट चुकवलीही मी. सिस्टर म्हणाली, "ताई, फोनने काही होत नाही तिथे. लेखी लागतं." गाडीत ती माझ्याशी फारसं बोलली नाही. ते रास्तच होतं. ती ड्युटीवर हजर झाली तेव्हा साडेआठ वाजले होते.

सोमवारी सकाळी मी चालायला गेले नाही. फुलस्केपवर झालं तसं लिहिलं, खाली सही आणि ऑफिसचा पत्ता घातला. आठ वाजता मेट्रनबाईंच्या टेबलासमोर उभी राहिले. त्यांनी वाचलं, पुन्हा वरून वाचलं.

"पट्ट्या मोजून आणल्या हिने?"

"नऊच्या नऊ."

"आणि तुम्ही पुढारी?"

"हो."

"मेमो तुम्हालाच द्यायला हवा," असं म्हणून त्यांनी पत्र फाइलला लावलं. "सिस्टरचा उशीर या वेळी धरत नाही. जा तुम्ही."

सिस्टर रात्रपाळी संपवून जिन्याखाली थांबली होती. तिला निकाल सांगितला, दोघींनी समोरच्या टपरीवर उभ्याने चहा घेतला. मग मी कोलशेतची बस पकडून ऑफिसात गेले आणि मस्टरवर उशिराच्या लाल शेऱ्यापुढे सही केली.