गुरांच्या गावाची ढाल

२०१७च्या हिवाळ्यात बाबा पहिल्यांदाच आयर्लंडला, ॲडम्सटाउनमध्ये आमच्याकडे राहायला आले होते. त्याच सुमारास लेकीला शाळेतून सांगितलं, आपापल्या मूळ गावाचं मानचिन्ह काढून आणा. ढालीचा आकार आणि त्यात गावाची ओळख.

"देवळाचा कळस काढ," मी लगेच म्हणाले. शेजारच्या जर्मन बाईंचा हात चित्रकलेत चांगला होता आणि त्यांच्या गावाला खरोखरच असं मानचिन्ह होतं. म्हणून त्यांना चहाला बोलावलं.

विषय निघाला तशा त्या दुसरंच काहीतरी बोलायला लागल्या. माझ्या ते लक्षातच आलं नाही. "सांगा ना, हिला मजा वाटेल," असा माझा आग्रह चालूच.

"आमच्या ढालीवर ओकचं झाड आणि तलवार आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "फार जुनं आहे असं आम्हाला शाळेत शिकवलं. खरं तर ते माझ्या आजोबांनी काढलंय. आधी गावाच्या शिक्क्यावर गाय होती. गुरांचा बाजार ज्यू व्यापाऱ्यांमुळे भरायचा. दुसऱ्या महायुद्धाआधी त्यांना गावातून हाकललं, मग गायही नकोशी झाली. आजोबा चित्रकलेचे मास्तर होते. गावाने नवीन चिन्ह मागितलं, त्यांनी काढून दिलं."

मी बाबांना ते मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले, "विचार त्यांना, आजोबांचा राग येतो का?"

"चित्र काढायला मला त्यांनीच शिकवलं," बाई म्हणाल्या. "माझा फार जीव होता त्यांच्यावर. म्हणून तर हे कुणाला सांगत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिस्किटांची बशी पुढे करत मी त्यांच्याकडून हे वदवून घेतलं होतं.

तेवढ्यात लेकीने तिच्या आयरिश वळणाच्या इंग्रजीत आजोबांना विचारलं, "आपल्या देवळात सगळे जायचे?"

तेवढं इंग्रजी बाबांना कळत होतं. "नाही," ते मराठीत म्हणाले. "गावकुसाबाहेरच्या लोकांना पायरीपाशीच थांबवायचे. माझे वडील देवळाचे पंच होते. तेच थांबवायचे."

ऑफिसात मी कितीदा त्या देवळाचे फोटो कौतुकाने दाखवले होते. बाईंनी विचारलं, "काय म्हणाले?" मी ते इंग्रजीत सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. धीराचं असं काही बोलल्या नाहीत आणि तेच बरं झालं.

त्या गेल्यावर मी म्हणाले, "बाबा, मला हे कधी सांगितलं नाहीत."

"कोणत्या तोंडाने सांगणार?" ते म्हणाले आणि कप उचलून विसळायला गेले.

लेकीने ढालीत आमचं इथलं, ॲडम्सटाउनचं रेल्वे स्टेशन काढलं, आणि फलाटावर तिचे आजोबा. मी त्यात काही सुचवलं नाही.